गेल्सबर्ग : रेल्वे राहिली, कारखाना गेला

शिकागोहून डेन्व्हरकडे निघालेली प्रवासी गाडी पश्चिम इलिनॉयच्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या सपाट शेतांतून सुमारे १६० मैल गेली, की गेल्सबर्ग नावाच्या स्थानकावर थांबते. १९६० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ३७,२४३ होती. २०२० च्या जनगणनेत ती ३०,०५२ भरली. म्हणजे साठ वर्षांत पाचांतला जवळजवळ एक माणूस कमी झाला. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढ्या या शहराची दखल मराठी वाचकाने का घ्यावी, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच, की एखाद्या गावाची भाकरी दूर बसलेल्या भांडवलाच्या हाती असते म्हणजे नेमके काय होते, हे वर्गात शिकविताना जे हातून निसटते, ते या एका गावाच्या इतिहासात ढळढळीतपणे दिसते. शिवाय या गावाला भांडवलाचे दोन्ही अवतार भेटले. एक रुळांना खिळलेले आणि दुसरे उठून जाऊ शकणारे. त्या दोहोंनी गावाशी केलेल्या व्यवहाराची तुलना करण्याजोगी आहे.

गेल्सबर्गचा जन्मच मुळी एका आर्थिक प्रयोगातून झाला. न्यूयॉर्क राज्यातील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक जॉर्ज वॉशिंग्टन गेल यांनी १८३७ साली आपल्या अनुयायांसह ही वसाहत स्थापन केली. त्यांची योजना अशी : सरकारी जमीन सव्वा डॉलर एकर या दराने एकगठ्ठा घ्यायची, ती वसाहतकऱ्यांना सरासरी पाच डॉलरने विकायची, आणि मधला फरक एका महाविद्यालयाच्या निधीत घालायचा. या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी शेतावर काम करून शिकावे अशी कल्पना होती आणि त्याच्या मूळ नावातही शारीरिक श्रमाचा उल्लेख होता. जमिनीची किंमत वाढते ती मालकाच्या घामाने नव्हे, भोवती समाज वसल्यामुळे वाढते, आणि म्हणून ती वाढ समाजाची आहे, हा सिद्धांत हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली ग्रंथरूपाने मांडला आणि जगभर खळबळ उडवून दिली. गेल यांच्या मंडळींनी त्याच्या चाळीस वर्षे आधी, कोणत्याही सिद्धांताचा गाजावाजा न करता, तो अमलात आणला होता. श्रम करून शिकण्याची कल्पना फार काळ टिकली नाही. निधी मात्र टिकला, आणि नॉक्स कॉलेज आजही उभे आहे. ७ ऑक्टोबर १८५८ रोजी लिंकन आणि डग्लस यांच्या सात प्रसिद्ध वादसभांपैकी पाचवी सभा याच महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीसमोर झाली. गुलामगिरीच्या प्रश्नावर या गावाचे मत आधीच पक्के झालेले होते. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना एका घरातून दुसऱ्या घरी लपवीत कॅनडाकडे पोचविणाऱ्या गुप्त साखळीला ‘भूमिगत रेल्वे’ असे म्हणत. त्या रेल्वेचे ठाणे गेल्सबर्गला खऱ्या रेल्वेच्या आधी होते.

खरी रेल्वे मात्र आपोआप आली नाही. तिची आखणी पाच मैलांवरच्या नॉक्सव्हिल या जिल्ह्याच्या ठिकाणावरून जाणार होती. आपण आडबाजूला पडणार हे गेल्सबर्गच्या व्यापाऱ्यांनी ओळखले. चान्सी कोल्टन नावाच्या दुकानदाराने पुढाकार घेऊन १८५१ साली स्वतंत्र रेल्वे कंपनीची सनद मिळविली आणि बोस्टनच्या भांडवलदारांकडे खेटे घातले. जॉन मरे फोर्ब्स यांच्या भोवतीचा हा गट पैसा घालण्यास तयार झाला. पण आधी गावाने आपला वाटा उचलावा ही त्यांची अट होती. शेतकऱ्यांनी, प्राध्यापकांनी, दुकानदारांनी भाग घेतले. तरी रक्कम कमी पडली तेव्हा ती तूट कोल्टन आणि त्यांचे सहकारी सायलस विलर्ड यांनी स्वतःच्या जबाबदारीवर भरून काढली. डिसेंबर १८५४ मध्ये पहिली गाडी गावात आली आणि पुढच्याच वर्षी या मार्गाला शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी हे नाव मिळाले.

येथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे गेल्सबर्गच्या गाडीच्या दीडपावणेदोन वर्षे आधी. परंतु त्या रेल्वेत ज्या इंग्रज भागधारकांचा पैसा होता त्यांना पाच टक्के उत्पन्नाची हमी सरकारने हिंदुस्थानच्या महसुलातून दिली होती. धोका रयतेचा आणि नफा लंडनचा, अशी ती वाटणी होती. दादाभाईंपासून सर्वांनी तिच्यावर टीका केली ती उगीच नव्हे. गेल्सबर्गच्या दुकानदाराने धोका स्वतः पत्करला होता आणि म्हणून रेल्वे कोठून जावी हे ठरविण्यात त्याला वाटा मिळाला. वाटा, अधिकार नव्हे. एकदा रूळ पडल्यावर सूत्रे बोस्टनकडेच राहिली. नॉक्सव्हिलचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. जिल्ह्याचे ठिकाण १८७३ साली तिथून हलून गेल्सबर्गला आले. एका गावाच्या उत्कर्षाची किंमत शेजारच्या गावाने मोजली. त्या वेळी गेल्सबर्गमध्ये याबद्दल कोणी अश्रू ढाळल्याचे दिसत नाही.

रेल्वेबरोबर नवे नियमही आले. नॉक्स कॉलेजचे अध्यक्ष जोनाथन ब्लँचर्ड हे कट्टर धर्मनिष्ठ. रविवारी गाडी धावते हे त्यांना खपेना. एका रविवारी ते इंजिनासमोर जाऊन उभे राहिले आणि गाडी परत न्या म्हणाले. ड्रायव्हरने त्यांना सरळ नरकाचा रस्ता दाखविला, अशी आख्यायिका गावात सांगतात. ती खरी असो वा नसो, तिच्यातले शहाणपण खरे आहे. गावाची घडी बसविणारा धर्मोपदेशक आणि गावाला वेळापत्रक देणारी कंपनी यांच्यात कोण जिंकणार, याचा निकाल त्या रविवारी लागला होता.

पुढची चाळीस-पन्नास वर्षे रेल्वेच्या कारखान्यांची आणि यार्डांची. स्वीडनमधून शेतकऱ्यांचे लोंढेच्या लोंढे या भागात येत होते. त्यांच्यापैकीच एक ऑगस्ट सँडबर्ग. ते बर्लिंग्टन रेल्वेच्या लोहारखान्यात मदतनीस होते. त्यांचा मुलगा कार्ल १८७८ साली रुळांपासून फार दूर नसलेल्या तीन खोल्यांच्या घरात जन्मला आणि पुढे अमेरिकेचा मोठा कवी व लिंकनचा चरित्रकार झाला. वडिलांची मजुरी तासाला १४ सेंट होती आणि दिवस दहा तासांचा, हे त्याने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. हिशेब करून पाहावा. आठवड्याचे सहा दिवस घण मारल्यावर हाती ८ डॉलर ४० सेंट. मुलाला आठवीनंतर शाळा सोडून दुधाच्या गाडीवर जावे लागले यात नवल नाही. ‘रेल्वेने गावाला समृद्धी दिली’ हे वाक्य स्थानिक इतिहासांत हमखास आढळते आणि ते खोटे नाही. फक्त समृद्धीची मोजणी करताना कोणत्या घरात बसून मोजणी केली, हे विचारीत जावे.

१८८८ चा संप हा या गावाच्या इतिहासातील असा प्रसंग आहे, की ज्याचा अभ्यास आपल्याकडील प्रत्येक कर्मचारी संघटनेने करावा. बर्लिंग्टन कंपनी इंजिन-ड्रायव्हरना मैलामागे नव्हे, तर फेरीमागे पैसे देई. शिवाय नव्या ड्रायव्हरला पहिली काही वर्षे कमी दर मिळे. काम तेच, इंजिन तेच, जबाबदारी तीच. पगार मात्र नोकरीच्या वर्षांवर. यामुळे कंपनीला जुने ड्रायव्हर महाग वाटू लागतात आणि नवे घेण्याचा मोह होतो, असे संघटनेचे म्हणणे होते. कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स पर्किन्स हे अनिर्बंध स्पर्धेचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते. त्यांना तडजोड मान्य नव्हती. २७ फेब्रुवारी १८८८ रोजी ड्रायव्हर आणि फायरमन यांनी काम थांबविले. संप अतिशय एकजुटीने सुरू झाला आणि पुढील जानेवारीत पूर्णपणे फसला.

का फसला? कंपनीकडे पैसा आणि न्यायालये होती, हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे अधिक कडू आहे. त्या आधी पेनसिल्व्हानियातील रीडिंग रेल्वेवर ‘नाइट्स ऑफ लेबर’ या दुसऱ्या संघटनेच्या लोकांचा संप झाला होता, तेव्हा ड्रायव्हरांच्या ब्रदरहुडने त्यांच्याशी असहकार केला होता आणि तिच्या सदस्यांनी संपकऱ्यांच्या जागा घेतल्या होत्या. ते शल्य मनात ठेवून नाइट्सपैकी कित्येक ड्रायव्हर आता पश्चिमेकडे आले आणि त्यांनी बर्लिंग्टनची इंजिने चालविली. उसने फेडले गेले आणि नफा कंपनीचा झाला. फायरमनांच्या संघटनेचे तत्कालीन चिटणीस युजीन डेब्ज यांनी या पराभवातून धडा घेतला. इंजिनवाला, खांबेवाला, झेंडीवाला अशी कसबावर आधारलेली वेगवेगळी संघटना ही मालकाच्या सोयीची आहे, असे त्यांचे मत बनले आणि १८९३ साली त्यांनी सर्व रेल्वे कामगारांची एकच संघटना उभारली. तीही पुढच्या वर्षी पुलमन संपात मोडली गेली, हा भाग वेगळा.

विसाव्या शतकातील बदल येथे थोडक्यात सांगणे पुरे. दुसरी मोठी कंपनी सँटा फे हिचा मार्ग १८८८ पर्यंत गावातून गेलेला होता. त्यामुळे दोन मुख्य मार्गांचे हे जंक्शन झाले. वाफेची इंजिने गेली तसे लोहारखाने आणि बॉयलरखाने गेले. मालगाडीच्या शेवटचा गार्डाचा डबा १९८० च्या दशकात नाहीसा होऊ लागला आणि पाच जणांच्या जागी दोघे गाडी नेऊ लागले. १९७० साली बर्लिंग्टनचे बर्लिंग्टन नॉर्दर्न झाले, १९९० च्या दशकाच्या मध्यावर सँटा फे तिच्यात विलीन झाली, आणि २०१० साली ही सारी कंपनी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या मालकीत गेली. मालक इतके बदलले तरी यार्ड जागेवर आहे. तेथे टेकाडावरून एकेक डबा उताराला सोडतात आणि तो आपल्या वजनाने घरंगळत योग्य त्या गाडीच्या रुळावर जातो. ज्यांनी भुसावळ किंवा मनमाडला बालपण काढले आहे त्यांना रात्री डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज समजावून सांगण्याची गरज नाही.

आता कारखान्याची गोष्ट. गावात शीतकपाटे बनविण्याचा मोठा कारखाना होता. तो अनेक हातांतून फिरून १९८६ साली मेटॅग कंपनीकडे आला. रेल्वेप्रमाणेच येथेही काम पिढीजात झाले होते. बाप, मुलगा, सून एकाच पाळीत असत. मजुरी तासाला सुमारे १५ डॉलर, वर आरोग्यविमा. पदवी नसलेल्या माणसाला स्वतःचे घर आणि मुलीला कॉलेज, एवढे या पगारात बसत असे. १९९० च्या दशकात विस्तारासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी सार्वजनिक पैसा आणि करसवलती दिल्या. ऑक्टोबर २००२ मध्ये कंपनीने जाहीर केले, की कारखाना बंद करून उत्पादन मेक्सिकोतील रेनोसा येथे नेण्यात येईल. सप्टेंबर २००४ मध्ये शेवटचे शीतकपाट बाहेर पडले. सुमारे १,६०० नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी जुलैत, तेव्हा सिनेटचे उमेदवार असलेल्या बराक ओबामा यांनी बोस्टनच्या पक्षअधिवेशनातील गाजलेल्या भाषणात या कामगारांचा उल्लेख केला आणि गेल्सबर्ग हे नाव साऱ्या देशाने ऐकले. नाव ऐकल्याने कारखाना परत आला नाही.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला येथे एक कबुली दिली पाहिजे. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा तौलनिक लाभाचा सिद्धांत मी गेली वीस वर्षे शिकवीत आलो आहे आणि तो चुकीचा आहे असे मला वाटत नाही. शीतकपाट स्वस्त झाले तर कोट्यवधी ग्राहकांचा थोडाथोडा लाभ होतो. रेनोसाच्या मजुरालाही पूर्वी नव्हते असे काम मिळते. बेरीज धन येते. ज्यांचे नुकसान झाले त्यांना भरपाई देऊनही शिल्लक उरते, असे आपण फळ्यावर सिद्ध करतो आणि डस्टर खाली ठेवतो. भरपाई ‘देता येईल’ आणि भरपाई ‘दिली’ यांतले अंतर फळ्यावर दिसत नाही. गेल्सबर्गच्या कामगारांना केंद्र सरकारच्या योजनेतून पुनर्शिक्षणासाठी मदत मिळाली, हे खरे. पण पन्नाशीच्या माणसाने नवा व्यवसाय शिकून बाहेर पडायचे, ते कोणत्या बाजारात? ज्या गावातला सर्वांत मोठा मालक नुकताच निघून गेला त्या गावाच्या. समाजशास्त्रज्ञ चॅड ब्रॉटन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गेल्सबर्ग आणि रेनोसा या दोन्ही टोकांच्या माणसांच्या कहाण्या एकत्र मांडल्या आहेत. एका गावाच्या दुःखाचा राग दुसऱ्या गावाच्या मजुरावर काढू नये एवढे भान त्या पद्धतीने राहते. मेटॅगचेही पुढे काय झाले? २००६ साली ती कंपनीच व्हर्लपूलने विकत घेतली आणि आयोवातील न्यूटन या तिच्या स्वतःच्या गावचा कारखाना २००७ साली बंद झाला. जो निर्णय गेल्सबर्गविषयी न्यूटनला झाला, तसाच न्यूटनविषयी अन्यत्र झाला.

आणि तो सार्वजनिक पैसा? माझा आक्षेप कारखाना जाण्यापेक्षा या ठिकाणी अधिक आहे. १८५० च्या सुमारास गावाने पैसा घातला तेव्हा त्याच्या बदल्यात रूळ मिळाले, आणि रूळ उचलून नेणे सोपे नसते. १९९० च्या दशकात गावाने पैसा घातला तेव्हा बदल्यात केवळ सदिच्छा मिळाली. वसाहतकऱ्यांनी सव्वा डॉलरची जमीन पाचला विकून फरक आपल्याच गावात ठेवला होता. त्यांचे वारसदार मात्र कर माफ करून फरक कंपनीच्या हाती देऊन बसले. यात त्यांना मूर्ख म्हणणे अन्यायाचे होईल. शेजारचे राज्य सवलत देण्यास टपलेले असताना एकट्या गावाने ताठ राहावे तरी कसे? गावांनी आपसांत लिलाव करायचा आणि बोली मालकाने स्वीकारायची, ही रीत आता आपल्या राज्याराज्यांतही रूढ झाली आहे. सवलत देतानाच ती कोणत्या अटीवर परत घेतली जाईल हे करारात लिहिणे, एवढे तरी सर्वांनी मिळून ठरविता येण्यासारखे आहे.

मग जी उठून गेली नाही, त्या रेल्वेशी गावाचा व्यवहार सुखाचा झाला काय? तसेही म्हणवत नाही. रूळ हलत नाहीत. पण माणसे कमी करता येतात आणि उरलेल्यांच्या वेळेवर ताबा मिळविता येतो. आजच्या मालगाडीच्या ड्रायव्हरला ठरावीक पाळी नसते. बोलावणे येईल तेव्हा त्याने जायचे. २०२२ च्या सुरुवातीस कंपनीने हजेरीची गुणपद्धत आणली. प्रत्येक कामगाराच्या खाती ठरावीक गुण. बोलावण्याला उपलब्ध नसाल तर गुण वजा. गुण संपले की शिक्षा. संघटनांनी संपाची तयारी केली तेव्हा जानेवारीत टेक्सासमधील केंद्रीय न्यायालयाने तो करण्यास मनाई केली. योगायोग असा, की १८९३ पासून गेल्सबर्गच्या लोकांची सेवा करणारे कॉटेज हॉस्पिटल त्याच महिन्यात बंद पडले. गावात दुसरे रुग्णालय आहे. परंतु डॉक्टरकडे जाण्याचा दिवस आणि डॉक्टरकडे जाण्याची जागा या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात आखडल्या.

त्या वर्षी देशभरच्या रेल्वे कामगारांचा करार वाटाघाटीत अडकला. कामगार सुमारे १ लाख १५ हजार आणि संघटना १२. डेब्जचा धडा १३० वर्षांनंतरही अमलात यायचा होता. पाच वर्षांत २४ टक्के पगारवाढ देऊ केलेली होती; तंटा पगाराचा नव्हताच, आजारपणाच्या भरपगारी रजेचा होता. आठ संघटनांनी करार मान्य केला, चार संघटनांच्या सदस्यांनी तो फेटाळला. १९२६ च्या रेल्वे कामगार कायद्याने काँग्रेसला हस्तक्षेपाचा मार्ग मोकळा ठेवलेला आहे. डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत तो वापरून काँग्रेसने नाकारलेला करारच कायदा करून लादला आणि स्वतःस कामगारांचा मित्र म्हणविणाऱ्या अध्यक्षांनी त्यावर सही केली. संप झाला तर अर्थव्यवस्था कोलमडेल, हे कारण देण्यात आले. एवढे मोल ज्यांच्या श्रमाला आहे त्यांना आजारी पडण्याचे सात दिवस मिळावेत, अशी पुरवणी लोकप्रतिनिधिगृहाने स्वतंत्रपणे संमत करून पाठविली होती. ती सिनेटपुढे आली तेव्हा तिच्या बाजूने ५२ मते पडली आणि विरुद्ध ४३. मंजुरीसाठी ६० मते हवी होती.